मिलिता बेटावरील शेकोटी

(वाचावयाचा भाग : प्रेषितांचीं कृत्यें, अध्याय 27 व 28, योहानाचें तिसरें पत्र)

सुवार्तेसाठीं परमुलखांत गेलेल्या माणसांच्या गोष्टी आपण ऐकतों, तेव्हां त्यांच्या उपदेशाकडे, त्यांच्या छळाकडे आणि त्यांनीं स्थापिलेल्या मंडळ्यांकडे आपलें लक्ष जातें. ते रात्रीं कोठें निजले, पाय धुवावयास पाणी त्यांस कोणी दिलें, कोणाच्या चुलीवरची भाकरी त्यांनीं खाल्ली, हें विचारावयाचें आपण विसरतों. लूक मात्र विसरला नाहीं. फिलिप्पै येथें लुदियेचें घर, थेस्सलनीकेंत यासोनाचें, करिंथांत अक्विल्ला व प्रिस्किल्ला यांचें, कैसरियांत फिलिप्प सुवार्तिकाचें, यरुशलेमेच्या वाटेवर मनासोन कुप्रकराचें, अशीं घरामागून घरें तो नांवानिशीं लिहून ठेवितो. हीं नांवें त्याच्या पुस्तकांतून काढून टाकिलीं, तर पौलाचा प्रवास एक पाऊलभरहि पुढें जाणार नाहीं.

आजच्या पाठासाठीं आम्हीं पौलाचा शेवटचा मोठा प्रवास घेतला आहे. तो इ. स. 60 च्या सुमारास झाला. या वेळीं पौल मोकळा उपदेशक नव्हता. तो बेड्या पडलेला कैदी होता, आणि कैसरापुढें न्यायासाठीं त्यास रोमास नेत होते. पाहुणा म्हणून त्याची किंमत कांहींच नव्हती, आणि याच कारणामुळें त्यास मिळालेला पाहुणचार पाहण्याजोगा आहे.

पहिली गोष्ट सीदोन बंदरांतली. गलबत निघून एकच दिवस झाला होता. यूल्य नांवाच्या रोमी शताधिपतीनें पौलास आपल्या मित्रांकडे जाऊन त्यांच्याकडून आपली व्यवस्था करून घेण्याची मोकळीक दिली. लूक हें एका वचनांत सांगून पुढें जातो. परंतु त्या एका वचनांत दोन दारें उघडलेलीं दिसतात. एक विश्वासणाऱ्यांच्या घराचें, आणि दुसरें एका मूर्तिपूजक अंमलदाराच्या मनाचें. दुसरें उघडलें नसतें तर पहिल्याचा उपयोग झाला नसता.

मग वादळ आलें. चौदा रात्रीं गलबत समुद्रावर भरकटत होतें, आणि कोणी धड जेवलें नव्हतें. पहांटेच्या वेळीं पौलानें भाकरी घेऊन सर्वांच्या देखत देवाचे आभार मानिले, ती मोडली व तो खाऊं लागला. तेव्हां इतरांसहि धीर आला आणि त्यांनींहि अन्न घेतलें. गलबतांत 276 माणसें होतीं, असा आंकडा लूक देतो. शिपाई, खलाशी, व्यापारी, कैदी असा तो सगळा मेळा. ज्याच्या हातीं कांहींच नाहीं अशा कैद्यानें त्यांस जेवावयास बसविलें. ही मेजवानी नव्हे. गलबतावरचें धान्य होतें, आणि तेंहि थोड्याच वेळानें समुद्रांत टाकून देण्यांत आलें. असो.

गलबत फुटलें. कोणी पोहत, कोणी फळ्यांवर, असे सर्व किनाऱ्यास लागले. तें बेट मिलिता, म्हणजे आजचें माल्टा होय. सिसिलीच्या दक्षिणेस सुमारें साठ मैलांवर तें आहे. त्याची लांबी सतरा मैलांच्या आसपास आणि रुंदी नऊ मैल. शिक्षकांनीं हा पाठ घेतांना नकाशा जवळ ठेवावा. एवढ्या मोठ्या समुद्रांत तें लहानसें ठिकाण दिसलें म्हणजे मुलांस वादळाचा अर्थ न सांगतां समजतो.

त्या बेटावरील लोकांस लूक ‘बर्बर’ म्हणतो. या ग्रीक शब्दाचा अर्थ रानटी असा घेऊं नये. ज्यांस ग्रीक भाषा बोलतां येत नसे, त्या सर्वांस ग्रीक लोक हें नांव देत. आपल्याकडेहि जो आपल्यासारखें बोलत नाहीं त्यास अडाणी म्हणण्याची खोड पुष्कळांस आहे. मिलितेकरांची भाषा फिनीशियांतून आलेली होती. तेव्हां किनाऱ्यावर हीं दोन मंडळें समोरासमोर आलीं, तेव्हां बोलणें थोडेंच झालें असेल. पाऊस पडत होता, थंडी होती. त्या लोकांनीं शेकोटी पेटविली आणि सर्वांस जवळ घेतलें. सर्वांस, हा शब्द लूकानें मुद्दाम घातला आहे. त्यांनीं शिपायांसाठीं एक व कैद्यांसाठीं दुसरी अशा दोन शेकोट्या पेटविल्या नाहींत. तूं कोण, कोणाचा, कोणत्या अपराधासाठीं तुला बांधलें आहे, हें विचारून मग विस्तवाजवळ येऊं दिलें, असेंहि नाहीं.

येथें आम्हांस थोडें थांबावेंसें वाटतें. आपल्या गांवांत परका माणूस आला म्हणजे पाण्याच्या आधीं त्यास जात विचारण्याची रीत होती, आणि ती अजून सर्वत्र मेलेली नाहीं. आपल्यापैकीं पुष्कळांच्या आजोबांनीं तो प्रश्न ओटीखालीं उभे राहून ऐकला आहे. ज्यांस स्वतः उन्हांत उभें केलें गेलें, त्यांनीं तरी दुसऱ्यास उभें करूं नये, अशी अपेक्षा असावी. परंतु मंडळीमंडळींत पूर्वीच्या जातीप्रमाणें जेवणाच्या पंगती ओळखूं येतात, हें आमच्या कानांवर पुनःपुन्हा येतें, आणि कांहीं ठिकाणीं आम्हीं तें डोळ्यांनीं पाहिलेंहि आहे. अंत्युखियांत पेत्रासारखा प्रेषित कांहीं यहूदी मंडळी येतांच परजातीयांच्या पंगतींतून उठला, आणि पौलानें सर्वांसमक्ष त्यास दोष दिला (गलतीकरांस पत्र, अध्याय 2). पौलास तें भांडण जेवणाचें वाटलें नाहीं. तें सुवार्तेचें वाटलें. मिलितेच्या लोकांस सुवार्ता ठाऊक नव्हती, तरी त्यांची शेकोटी एकच होती.

विश्वास न ठेवणाऱ्यांनीं दिलेल्या आसऱ्याचें एक उदाहरण आपल्याच मुलखांतलें आहे. गॉर्डन हॉल हे अमेरिकेहून 1813 सालीं मुंबईस आले. 1826 च्या मार्चांत नाशिकाकडून परत येत असतां वाटेंतील एका गांवीं देवळाच्या ओसरीवर ते उतरले, आणि तेथेंच पटकीनें वारले. त्यांस शेवटचें छप्पर मिळालें तें देवळाचें. आपल्या वडिलांनीं ही गोष्ट सांगतांना हॉलसाहेबांच्या स्वार्थत्यागावर भर दिला, आणि तें योग्यच आहे. परंतु ती ओसरीहि विसरूं नये.

आतां पुन्हां किनाऱ्यावर येऊं. पौल शेकोटीजवळ नुसता शेकत बसला नाहीं. त्यानें काटक्या गोळा करून विस्तवावर टाकिल्या. तो वयानें प्रौढ, रात्रभर भिजलेला, थकलेला, आणि वर कैदी. कोणी त्यास काम सांगितलें नव्हतें. परगांवीं गेलेल्या सुवार्तिकानें हें एक वचन आपल्या वहींत लिहून ठेवावें. पाहुण्यानें यजमानाच्या विस्तवावर आपल्याहि चार काटक्या टाकाव्या. त्या काटक्यांतूनच साप निघाला, हें खरें. सेवा करणारास चावा बसत नाहीं असें शास्त्र कोठेंच म्हणत नाहीं.

साप हातास लटकलेला पाहून लोक म्हणाले कीं हा खुनी असावा. त्यास कांहीं झालें नाहीं, तेव्हां तेच लोक म्हणाले कीं हा देव आहे. परदेशीं आलेल्या माणसाविषयीं या दोनच चुका पुनःपुन्हां होतात. एक तर त्यास चोर समजतात, नाहीं तर देव. पौल दोन्हीं नव्हता. तो माणूस होता, त्यास भूक लागत होती, थंडी वाजत होती. पाहुण्याविषयींचा जो संशय, त्याचें पाप आपण ओळखतों. पाहुण्याची जी पूजा, तिचें पाप आपल्यास ओळखूं येत नाहीं, कारण ती आदरासारखी दिसते.

पुढें पुब्ल्य येतो. लूक त्यास बेटाचा ‘मुख्य’ म्हणतो, आणि ही पदवी त्या बेटांवर सांपडलेल्या कोरीव लेखांतहि आढळली आहे. त्यानें त्यांस तीन दिवस ममतेनें आपल्या घरीं ठेविलें. त्याचा बाप ताप व आंव यांनीं आजारी होता. पौल आंत गेला, त्यानें प्रार्थना केली, त्याच्यावर हात ठेविले, आणि तो बरा झाला. मग बेटांतील दुसरे रोगी आले. हिंवाळ्यांत गलबतें चालत नसत, म्हणून तीन महिने तेथें गेले. निघतांना लोकांनीं त्यांस लागेल तें सामान भरून दिलें.

येथें एक नवल आहे. त्या तीन महिन्यांत पौलानें उपदेश केला, कोणाचा बाप्तिस्मा झाला, मंडळी स्थापिली, असें लूक कांहींच लिहीत नाहीं. पौल तेथें मुका राहिला असें आम्हीं म्हणत नाहीं. तसें त्याच्या स्वभावांतच नव्हतें. परंतु ज्या लेखकानें ठिकठिकाणचीं लांब भाषणें दिलीं आहेत, त्यानें येथें शेकोटी, काटक्या, एक आजारी म्हातारा व शिधा एवढेंच सांगितलें. आमच्या मतें तें त्यानें लिहिण्याजोगें मानिलें म्हणूनच. सेवेचा अहवाल पाठविणाऱ्या आमच्या कॅटेकिस्ट बंधूंनीं हें पाहावें. ज्या महिन्यांत सांगण्यासारखा उपदेश घडला नाहीं, परंतु कोणाच्या आजारी बापाजवळ दोन रात्री बसणें झालें, त्या महिन्याचा रकाना कोरा ठेवूं नये.

मिलितेहून सुराकूस, रेगियोन, आणि मग इटलीचें पुत्युल बंदर. तेथें त्यांस बंधु भेटले, आणि त्यांच्या आग्रहावरून ते सात दिवस राहिले. ही बातमी रोमास गेली. पौलानें रोमकरांस तीन-एक वर्षांपूर्वीं पत्र लिहिलें होतें, आणि त्यांत आतिथ्य करण्यांत तत्पर असावें असा बोधहि केला होता. त्यांतील बहुतेकांनीं त्यास कधीं पाहिलेंहि नव्हतें. तरी ते नगराबाहेर निघाले. कांहीं जण तीन उतारशाळांपर्यंत, म्हणजे तीस मैलांवर, आणि कांहीं थेट अप्पियाच्या पेठेपर्यंत, म्हणजे चाळीस मैलांच्या आसपास, चालून आले. त्यांच्याजवळ फुलांचे हार नव्हते, वाजंत्री नव्हती. बेडी पडलेल्या माणसास भेटावयास येणें धोक्याचेंहि होतें. लूक म्हणतो कीं त्यांस पाहून पौलानें देवाची उपकारस्तुति केली व त्यास धैर्य आलें.

म्हणजे त्यास धैर्य हवें होतें! वादळांत 276 माणसांस ज्यानें धीर दिला, त्याच्याजवळचा धीर रोमच्या रस्त्यावर सरत आला होता, आणि तो कोणा देवदूतानें भरून दिला नाहीं. धुळीनें भरलेल्या पायांच्या कांहीं माणसांनीं भरून दिला. एकाकी ठाण्यावर राहणाऱ्या शिक्षकाकडे वर्षावर्षांत कोणी जात नाहीं, आणि मग तो ढिला पडला म्हणून आपण तक्रार करतों. अप्पियाच्या पेठेपर्यंत आपण गेलों होतों काय, हें आधीं विचारूं या.

आतां योहानाच्या तिसऱ्या पत्राकडे वळूं. तें एवढें लहान आहे कीं भाकरी तव्यावर असतांना वाचून होईल. त्यांत तीन माणसें आहेत. गायस हा परक्या बंधूंस घरीं घेत असे, आणि त्या बंधूंनीं मंडळीपुढें त्याच्या प्रीतीविषयीं साक्ष दिली होती. ते प्रभूच्या नांवासाठीं बाहेर पडलेले होते व परजातीयांपासून कांहीं घेत नव्हते; तेव्हां त्यांचा भार विश्वासणाऱ्यांनींच उचलावयाचा होता. योहान त्यास सांगतो कीं त्यांस देवाला शोभेल अशा रीतीनें पुढें रवाना करावें. मूळ भाषेंत जो शब्द आहे, त्यांत वाटेचा शिधा, सोबत व थोडें चालत जाऊन निरोप देणें, हें सर्व येतें. दुसरा दियत्रफेस. त्यास पुढारीपणाची हौस. तो बंधूंस आपण घेत नाहीं, जे घेऊं पाहतात त्यांस अडवितो, आणि मंडळींतून घालवून देतो. तिसरा देमेत्रिय, ज्याची साक्ष चांगली आहे. बहुधा तोच हें पत्र घेऊन गेला असावा.

दियत्रफेसाची शिकवण चुकली होती, असें योहान म्हणत नाहीं. त्याचें तत्त्वज्ञान कदाचित् निर्दोष असेल. त्याचें पाप दारांत होतें. बाहेरचा माणूस आला कीं मंडळीचें लक्ष आपल्यावरून हलेल, ही त्याची भीति. हा रोग मरून गेला असें आम्हांस वाटत नाहीं.

परंतु त्याच योहानानें दुसऱ्या पत्रांत असेंहि लिहिलें आहे कीं जो ख्रिस्ताची शिकवण घेऊन येत नाहीं, त्यास घरांत घेऊं नये. तेव्हां दार आंधळेपणानें उघडणें हीहि प्रीति नव्हे. प्रारंभींच्या मंडळ्यांस यांत फसगत पुष्कळ सोसावी लागली. ‘बारा प्रेषितांची शिकवण’ नांवाचें एक फार जुनें लहान पुस्तक आहे. त्याची प्रत 1873 सालीं कॉन्स्टँटिनोपलांत सांपडली आणि 1883 सालीं छापली गेली. त्यांत फिरत्या प्रेषितासंबंधीं नियम दिला आहे. त्यास प्रभूप्रमाणें घ्यावें. त्यानें एक दिवस राहावें, गरज असल्यास दुसराहि. तीन दिवस राहिला तर तो खोटा संदेष्टा समजावा. निघतांना त्यानें पुढील मुक्कामापुरती भाकरी घ्यावी, आणि पैसे मागितले तर तोहि खोटाच. साधा वाटसरू दोन-तीन दिवस राहूं शकेल. त्यास कायमचें राहावयाचें असेल, तर त्यानें आपला धंदा करून खावें.

हें वाचून आपल्या आयाबायांस हंसूं येईल. एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशीं पई, तिसऱ्या दिवशीं राही त्याची अक्कल जाई, ही म्हण त्यांच्या तोंडीं आहेच. परंतु म्हण घराची सोय पाहते, आणि तो जुना नियम मंडळीची. उपदेशकानें गरिबाच्या घरीं बसून खाऊं नये, आणि गरिबानें उपदेशकास उपाशीं पाठवूं नये, अशा दोन्हीं बाजू त्यानें सांभाळिल्या.

गरिबाच्या घराविषयीं आम्हांस स्पष्ट बोलावयाचें आहे. पाहुणे येणार म्हणून उसनवार करणें, सावकाराकडे जाणें, अंड्यावरची कोंबडी कापणें, आणि पाहुणे गेल्यावर मुलांनीं आठवडाभर कोरडी भाकरी खाणें, यास आम्ही आतिथ्य म्हणत नाहीं. मिलितेकरांनीं पहिल्या दिवशीं दिलें तें सरपण. जें होतें तें दिलें. भाकरी, पिठलें, कांदा असेल तर तेंच पुढें ठेवावें. पाहुण्यास लाज वाटत नाहीं, वाटलीच तर त्यानें ती काटक्यांबरोबर विस्तवांत टाकावी. आणि ज्या माउलीनें रांधलें ती सर्वांच्या मागें उरलेलें खाते किंवा उपाशीं निजते, ही रीत मोडली पाहिजे. तिलाहि प्रार्थनेस बसावयाचें असतें. चूल सांभाळण्यास त्या वेळीं एखादा पुरुष बसला तर त्याचा मान जाणार नाहीं.

आजकाल परदेशांतील मंडळ्यांचे जथे दहापंधरा दिवसांसाठीं दुसऱ्या देशांत सेवेस जातात, आणि आपल्यापैकींहि कांहीं जण बाहेर जातात. अशा वेळीं बहुधा असें होतें कीं पाहुण्यांस खुर्च्या व निराळें ताट, आणि यजमान भिंतीशीं उभे. पाहुण्याच्या पोटास आपलें पाणी मानवत नाहीं, म्हणून तें उकळून द्यावें. यांत राग मानण्यासारखें कांहीं नाहीं. परंतु पाणी निराळें म्हणून पंगतहि निराळी, असें कां व्हावें? 

हाच प्रश्न 1910 सालच्या जून महिन्यांत एडिंबर्ग येथील जागतिक मिशनरी परिषदेंत उठला. सुमारें 1200 प्रतिनिधि होते. त्यांत आशियांतील मंडळ्यांचे वीसहि नव्हते. तिरुनेलवेलीकडचे वेदनायगम सॅम्युएल अझरया तेथें बोलले. मिशनरी व देशी कामगार यांच्यांत पैसा आहे, देखरेख आहे, परंतु मैत्री नाहीं, असें त्यांनीं पाहुणे म्हणून आलेल्या त्या सभेंत सांगितलें. वर्षानुवर्षें एकत्र काम करूनहि एकमेकांच्या घरीं जाणें नाहीं, एकत्र जेवण नाहीं. परदेशांतील मंडळ्यांनीं गरिबांसाठीं आपलें सर्वस्व दिलें, याबद्दल त्यांनीं आभार मानिले, आणि शेवटीं मागितलें तें एवढेंच कीं आम्हांस मित्र द्या. सभेंत पुष्कळ जण अस्वस्थ झाले. पाहुण्यानें यजमानास असें बोलावें काय, असेंहि कांहींस वाटलें असेल.

परंतु अझरया यांस बोलण्याचा अधिकार होता. 1903 सालीं तिरुनेलवेलींत भारतीयांनीं आपल्याच पैशांनीं व माणसांनीं चालविलेली मिशनरी संस्था स्थापिण्यांत त्यांचा पुढाकार होता, आणि 1909 सालीं ते स्वतः तमिळ मुलूख सोडून निजामाच्या राज्यांत दोर्नकलास गेले. तेलुगु भाषा त्यांस परकी होती. ते तेथें परदेशीच. प्रथम ते तंबूंत राहिले. 1912 सालीं ते तेथील बिशप झाले. मित्र मागण्यापूर्वीं त्यांनीं स्वतः दुसऱ्याच्या दारांत उभें राहण्याचें शिकून घेतलें होतें.

पौलाची गोष्ट आम्हीं रोमच्या रस्त्यावर सोडली होती. नगरांत पोंचल्यावर तो पहारेकऱ्यासह आपल्या भाड्याच्या घरांत पुरीं दोन वर्षें राहिला, आणि जे कोणी त्याच्याकडे येत त्या सर्वांचें तो स्वागत करी. सीदोनांत, मिलितेंत, पुत्युलांत जो पाहुणा होता, तो येथें यजमान झाला. घर भाड्याचें, बेडी हातांत, दार मात्र उघडें. पुन्हां तोच ‘सर्व’ शब्द, जो शेकोटीजवळ होता.

पुढील आठवड्यासाठीं फिलेमोनास लिहिलेलें पत्र वाचून ठेवावें. तें पुष्कळांच्या मतें याच घरांतून गेलें. ओनेसिम नांवाच्या दासाला परत घ्यावें, अशी त्यांत विनंति आहे. आणि 22 व्या वचनांत, जातां जातां, पौल फिलेमोनास सांगतो कीं माझ्यासाठीं उतरावयाची जागा तयार ठेव.